काळ्या दांडीवरचा नंबर

वारंगा फाट्यावर माझं वर्कशॉप होतं, तेव्हा मी कुणावरच विश्वास ठेवत नसे. हिंगोलीच्या दुकानातून हॅक्सॉचं पातं घ्यायचं तरी सोबत पाइपाचा तुकडा न्यायचो आणि काउंटरवरच कापून बघायचो. दुकानदार वैतागायचा. "पातं घ्यायला आलात का पोरगी बघायला?" म्हणायचा. मी हसायचो, पण दात बघितल्याशिवाय पैसे सोडायचो नाही. नकली पात्यांनी दोनदा दगा दिला होता, आणि दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी तर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागलो होतो.

दोन हजार सालाच्या पुढंमागं, एका दुपारी शेजारच्या तांड्यावरचा एकजण लांबलचक पिशवी घेऊन आला. सातवीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो होतो. आता तो पुण्याला गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला होता. बरोबर त्याची बारा वर्षांची लेक होती. पिशवीतून सात काठ्या निघाल्या. सहांच्या दांड्या लोखंडी. सातवीची काळीभोर, उचलली तर वजनच लागेना, आणि खाली मुठीएवढा ठोकळा.

"पोरीच्या मापाच्या करून दे," तो म्हणाला. "मैदानावर लेकरं निवडून राहिले, फुकट शिकवायला. येत्या रविवारी हिची परीक्षा हाय. पर काठ्या ज्याच्या त्याच्या पायजेत. लांबचा फटका ह्या काळीनंच बसतो."

"पुण्यात दुकानं न्हाईत व्हय? इथवर काहून आणल्या?"

"सायबानं जुन्या म्हणून देल्या," तो म्हणाला आणि नुसता हसला.

मी विचारलं एक आणि त्यानं सांगितलं दुसरंच. ते हसणं मला पटलं नाही. वर तो मलाच हत्यारं सांगायला लागला. लोखंडी दांड्यांना नळवाल्यांचा चाकाचा कटर चालतो, पण काळीला लावू नको, ती चेंगरते. तिला चिकटपट्टी गुंडाळ आणि सगळ्यात बारीक दातांचं पातं घे. गवत कापणाऱ्याला एवढं कसं ठाऊक, असं माझ्या मनात आलं. बापलेक बाजाराला गेले तरी ते मनातून जाईना.

सहा दांड्या कटरनं काकडीसारख्या कापल्या. काळी हातात घेतली आणि थांबलो. तांड्यावरच्या माणसाकडं साहेबाची वस्तू दिसली की आमच्या गावात पहिला विचार कोणता येतो, ते मला माहीत आहे. तोच माझ्याही मनात आला. एका बाकावर बसूनही आला, याची मला आज लाज वाटते.

फाट्यावर चोरीचं इंजिन विकायला आलं की रंगाखालचा नंबर हुडकून काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. हा काळा रंगही काहीतरी झाकायलाच दिला असणार, असं मी धरून चाललो. कानस घेतली आणि दांडी ठोकळ्याजवळ घासली. काळ्याखाली काळंच निघालं. आणखी घासली, फिरवून सगळीकडून घासली. बारीक केसांसारखे धागे उभे राहिले, पण नंबर काही सापडला नाही; ती दांडी रंगवलेली नव्हतीच, त्या काळ्या धाग्यांचीच बनलेली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग वर काळा रंग फासून दिला. मुठीकडचं टोक मात्र त्यानं सांगितलं तसंच कापलं, आणि काप खरोखर सुरेख आला.

दिवस मावळायच्या आधी दोघं परत आले. पोरीनं काळी काठी उचलली. मागच्या मोकळ्या जागेत पाय रोवून उभी राहिली आणि एका ढेकळावर फटका मारला. कटकन आवाज झाला. ठोकळा उडून पलीकडच्या सोयाबीनमध्ये गेला आणि तिच्या हातात नुसती दांडी राहिली. ती बापाकडं बघत म्हणाली, "म्या जोरात न्हाई मारली."

त्यानं दांडी घेतली, तुटल्या जागेवरून बोट फिरवलं. रंग बोटाला लागला.

"हे काय केलं?"

माझ्या तोंडून खरं तेच निघून गेलं. "नंबर बघत होतो."

त्यानं बोट पँटला पुसलं. मग म्हणाला, "पुण्यात तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडं हेच इचारलं, कुठून आणल्या. गावाकडं तरी कोणी इचारणार न्हाई म्हणून तुझ्याकडं आलो."

मी लोखंडी नळी बसवून देतो म्हणालो. तो नको म्हणाला. पोरीनं शेतात जाऊन ठोकळा शोधून आणला, पिशवीत टाकला आणि दोघं गेले.

दिवाळीत तो एकटाच आला. फवारणीच्या पंपाची नळी निसटली होती, तिला कथलाचा डाग देऊन जोडायची होती.

"पोरीचं काय झालं?" मी विचारलं.

"राहिलं."

मी पंपाला हात घातला, तेवढ्यात त्यानं खिशातून पंपाची पावती काढली, उलगडली आणि माझ्यापुढं धरली. मी काहीच विचारलं नव्हतं.

"बघून घे," तो म्हणाला.