कोणी हात लावला?

खोलीत आल्याबरोबर दुरुस्तीवाल्या दीदी आधी आपली पिशवी माझ्या टेबलावर उपडी करायच्या. दोन स्क्रू-ड्रायव्हर, रंगकामाचा जुना ब्रश, शाळकरी खोडरबर, लांब वायरीचा छोटा दिवा, मुरमुऱ्यांची पुडी. "पाहून घ्या, मॅडम," असं म्हणून मी खरोखर पाहीपर्यंत थांबायच्या. जातानाही तेच. पहिल्या वेळी मला वाटलं, ही बाई नक्की काहीतरी लपवतेय. फार दाखवणाऱ्या माणसाचा मला संशय येतो. तुमचंही तसंच होत असेल.

मी पुण्याहून बंगालमध्ये बदली होऊन सॉल्ट लेकमधल्या एका सरकारी कार्यालयात आले होते. तिथले कम्प्युटर दुरुस्त करायला कंत्राटदाराने या बाईंना ठेवलं होतं. पन्नाशी उलटलेली, रोज बराकपूरहून येणं-जाणं. सगळे त्यांना 'दीदी' म्हणत, म्हणून मीही. त्यांचं हिंदी निम्मं बंगाली असायचं. इथे मी ते मराठीत सांगते आहे.

दीदींचा कुणाच्याच बोलण्यावर विश्वास नव्हता. कम्प्युटर आपोआप बंद पडला असं कोणी म्हटलं, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आपोआप? कोणी हात लावला होता?" एकदा शेजारच्या खोलीतले साहेब छातीठोकपणे म्हणाले, "प्लग लावलेला आहे, मी स्वतः पाहिलाय." दीदी टेबलाखाली शिरल्या आणि थोड्या वेळाने नुसता हात बाहेर आला. हातात धुळीने माखलेला प्लग. कँटीनचा चहासुद्धा त्या समोर उकळताना पाहिल्याशिवाय पीत नसत.

आता त्या दिवसाबद्दल सांगते. दुर्गापूजेची सुट्टी संपून कार्यालय उघडलं होतं. मी कम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा घरघरला आणि सगळं विझलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. त्यात माझा एक अहवाल होता, तीन दिवसांत दिल्लीला जायचा होता. त्याची दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती, हा माझा आळस.

माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते निताईदांचं. निताईदा आमचे शिपाई, निवृत्तीला आलेले. सुट्टीभर माझ्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे होती. पूजेच्या आधी त्यांनी दोन दिवसांची जादा रजा मागितली होती, आणि मी ती नाकारली होती. शिवाय सकाळी त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नव्हतं. एवढं मला पुरलं. मी त्यांना हॉलमध्ये बोलावलं आणि सगळ्यांदेखत किल्ली मागितली. त्यांनी जुडग्यातून ती सोडवायला फार वेळ लावला. हाही मला पुरावाच वाटला.

दीदी आल्या, पिशवी उपडी झाली. मी सांगायला लागले, "सुट्टीत निताईदांनी—"

"काय झालं ते सांगा. कोणी केलं ते नको," त्या म्हणाल्या. मग नेहमीचा प्रश्न, "कोणी हात लावला होता?"

"मी तर नाही. सुट्टीच्या आदल्या दिवशी चांगला चालू होता."

मी खुर्ची ओढून अगदी त्यांच्या हाताजवळ बसले. दुरुस्तीवाले आतला चांगला भाग काढून जुना बसवतात, हे मी ऐकून होते. त्यांनी भिंतीतल्या सॉकेटला आपला दिवा लावून पाहिला. मग शेजारच्या खोलीतली वायर आणून लावली. कॅबिनेट उघडून ब्रशने धूळ झाडली, मेमरीची पट्टी काढून तिची टोकं खोडरबराने घासली. मी डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. त्यांच्या ते लक्षात आलं होतं. पट्टी परत बसवण्याआधी त्यांनी ती मुद्दाम माझ्यासमोर धरली. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग त्या बटण दाबून मोठ्याने मोजायला लागल्या. "एक, दोन, तीन, चार." बंद. पुन्हा दाबलं. पुन्हा बरोबर चारला बंद.

"मॅडम, बिघाड इतका शिस्तीचा नसतो," त्या म्हणाल्या. "बटण दाबून धरलं की कम्प्युटर असा बंद होतो. कोणीतरी ते दाबून धरलंय."

खोलीत आम्ही दोघीच होतो. माझ्या अंगावर काटा आला.

दीदींनी बटणाकडून येणारी बारीक वायर आतून काढली आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथल्या दोन पिनांना क्षणभर टेकवलं. पंखा फिरायला लागला. चार गेले, दहा गेले, पडदा उजळला. माझा अहवाल जागच्या जागी होता. मी सुटकेचा श्वास टाकला, पण दीदींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी कॅबिनेटचा दर्शनी भाग काढून बटण तळहातावर घेतलं होतं. कडेला पिवळा-तांबडा थर वाळून घट्ट बसला होता. दाबलेलं बटण त्या थरात अडकून लवकर वर येत नव्हतं. दीदींनी ते नाकाशी नेलं.

"चंदन," त्या म्हणाल्या. "कोणी लावलं?"

खंडेनवमीला आमच्या घरी हत्यारं, अवजारं, वह्या सगळ्यांची पूजा होते. इथे ते दिवस सुट्टीत येतात, म्हणून मी आदल्या संध्याकाळी कम्प्युटर बंद केल्यावर त्याची पूजा केली होती. हळद, कुंकू आणि चांगलं ओलं गंध. बोट टेकवायला ते गोल बटण मला फार सोयीचं वाटलं होतं.

"मीच," मी म्हणाले. "आणि किल्ली निताईदांकडून काढून घेतली."

दीदी हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. ओल्या फडक्याने बटण पुसत त्यांनी एक गोष्ट सांगितली. तरुणपणी त्या एका दुकानात काम करायच्या. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, की त्याच्या कम्प्युटरमधली मेमरीची पट्टी चोरीला गेली. मालकाने भर दुकानात दीदींची पिशवी ओतली. तिच्यात काही मिळालं नाही, तरी दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. महिन्याभराने ती पट्टी गिऱ्हाइकाच्याच घरी ड्रॉवरमध्ये सापडली.

"मला हे तिसऱ्याकडून कळलं," त्या म्हणाल्या. "सापडली हे सांगायला दोघांपैकी कोणी आलं नाही. पिशवी ओतायला मात्र सगळे उभे होते."

बटण बसवून त्यांनी स्क्रू आवळले. कम्प्युटर चालू केला, बंद केला, पुन्हा चालू केला. मग म्हणाल्या, "किल्ली कुठे घेतलीत?"

"हॉलमध्ये."

"मग हॉलमध्येच जा."

मी किल्ली घेऊन गेले. टाइप करणारे हात थांबले. निताईदा कोपऱ्यातल्या बाकावर बसले होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की चूक माझी होती, गंध मी लावलं होतं आणि निताईदांवर मी उगाच संशय घेतला. माझं बंगाली मोडकं. पण कळलं सगळ्यांना.

निताईदा उठून उभे राहिले. "कम्प्युटर चालू झाला?" त्यांनी विचारलं.

"झाला."

"बरं झालं." मी किल्ली पुढे केली तर त्यांनी हात मागेच ठेवला. "आज नको, मॅडम. उद्या द्या." आणि ते फायली घेऊन जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी ती घेतली, पण माझ्याशी पूर्वीसारखं बोलेपर्यंत हिवाळा उजाडला.

पुढल्या वर्षी दुरुस्तीचं कंत्राट दुसऱ्याला गेलं. आता येणारा माणूस सभ्य आहे. तो काही विचारत नाही, मला सांगू देत नाही, खोकं उचलून नेतो आणि संध्याकाळपर्यंत दुसरं आणून ठेवतो.

शेवटच्या दिवशी दीदी निरोप घ्यायला आल्या तेव्हा मी बैठकीत अडकले होते. बाहेर आले तर त्या निघून गेल्या होत्या. मी खिडकीशी धावले. खाली ऑटोच्या रांगेत त्या उभ्या होत्या, आणि शेजारी त्याच महिन्यात निवृत्त होणारे निताईदा. दीदी हात हलवून काहीतरी सांगत होत्या. मध्येच त्यांनी अंगठ्याने हवेत बटण दाबल्यासारखं केलं, आणि निताईदा पोट धरून हसले. ते इतके हसू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मी हाक मारणार होते, पण मारली नाही. ऑटो आली, दोघं दाटीवाटीने मागे बसले आणि गेले.