शिवकांताक्कांचा जबडा

अणदूरच्या पुढं एका खेड्यातल्या मठात शिवकांताक्का वीसेक वर्षं स्वयंपाक करत होत्या. निजामाची अमदानी होती. तहसीलदार येत, जात. अक्कांच्या साराची चव तेवढी बदलत नव्हती. नैवेद्य दाखवीपर्यंत काहीही चाखायचं नाही, हा मठाचा दंडक. अक्का मीठ-तिखट हाताच्या अंदाजानं टाकत आणि तो अंदाज चुकत नसे.

एकोणीसशे चाळीस-एक्केचाळीसच्या सुमारास एकदा चिंचेचं सार उकळत असताना त्यांच्या डाव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ टरारून आली. मठाचे कारभारी धोंडप्पा नेमके तेव्हाच दारात उभे. दुसऱ्याचं ताट न्याहाळण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता.

"तोंडात घास हाय! नैवेद्य उष्टा केला!"

अक्कांनी तोंड उघडून दाखवलं.

"मग गिळला आसंल," धोंडप्पा म्हणाले, आणि मठाची चूल अक्कांच्या हातून गेली. पाठोपाठ लग्नाकार्याची बोलावणीही थांबली. भूक सोसता येत होती. उष्टी बाई हे नाव सोसवत नव्हतं.

ठणका वाढला तेव्हा बहीण गौराबाई त्यांना सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी जिभेखाली बोट घालून चाचपलं. मग एक लिंबू कापून नुसतं नाकासमोर धरलं. गाठ बघता बघता फुगली.

"लाळेच्या नळीत खडा अडकलाय, खारकेच्या बीएवढा. आंबट वासानं लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, म्हणून सूज येते. आजच कापून काढू."

"आज नगं," अक्का म्हणाल्या. "खडा गेल्यावर गावाला काय दावू?"

डॉक्टर चिडले. अक्का ठणकता जबडा घेऊन माघारी आल्या. हा शुद्ध वेडेपणा होता, पण असा वेडेपणा करायला छाती लागते.

सोमवारी मठात माणसं जमली. अक्का ओठ घट्ट मिटून मधोमध बसल्या. गौराबाईनं समोर लिंबू चिरलं. सगळ्यांच्या देखत गाठ वर आली. अक्कांच्या डोळ्यांतून कळ वाहत होती.

धोंडप्पांनी हात जोडले. "अक्का, चुकलं माझं. उद्यापासून चूल तुमचीच."

"अप्पा, वीस वर्सं माझ्या हातचं जेवलात, पर माझ्या शब्दावर भरवसा ठेवला न्हाय. ठेवला तो ह्या गाठीवर. ती तर आता जायची. मंग उद्या कशावर ठेवताल?"

अक्का उठल्या आणि सोलापूरला गेल्या. डॉक्टरांनी जिभेखाली चीर देऊन खडा काढला; आठवड्याभरात त्या भाकरी खाऊ लागल्या. मठाच्या चुलीपुढं मात्र परत बसल्या नाहीत.

मठानं नवा आचारी ठेवला. तो नैवेद्याआधी पळीभर सार चाखून बघायचा. त्याचा जबडा काही सुजत नसे, त्यामुळं धोंडप्पांची कसलीच तक्रार नव्हती.