शेरगाजीची उसण

आत-बाशी या तालुक्याच्या गावापलीकडच्या एका डोंगरी गावात शेरगाजीइतक्या झपाट्यानं मेंढ्यांची लोकर कातरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि त्याच्याइतकं तुसडं तोंडही कोणाचं नव्हतं. तरुणपणापासून तो कमरेत वाकून कातरत आलेला. त्या उन्हाळ्यात एक दांडगा मेंढा उलटा करताना त्याच्या कमरेत अशी उसण भरली, की वाकला तो वाकलेलाच राहिला.

"शेरगाजी आके, मेंढ्याला सलाम करताय का?" शेजारी कातरणाऱ्या, वयानं धाकट्या काचकिननं विचारलं. शेरगाजीनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि दोघांच्या खांद्यावर टेकत घर गाठलं.

म्हाताऱ्या आईनं कमरेला कुत्र्याच्या लोकरीचा ऊबदार पट्टा करकचून बांधला आणि त्याला जमिनीवरच्या जाड लोकरी नमद्यावर आडवं केलं. तो पडून राहिला आणि लाकडासारखा आखडत गेला. मग पाठ मोकळी करायला गावातला एक म्हातारा येऊन त्याच्या पाठीवर उभा राहिला. त्यानंतर त्याला पायात मोजाही चढवता येईना. शेवटी त्यानं तालुक्याचं इस्पितळ गाठलं. डॉक्टरनं पाय उचलून पाहिले, टाचांवर चालवलं आणि सांगितलं की हाड शाबूत आहे, नसही दबलेली नाही. स्नायू आखडलेत आणि कमजोर झालेत, पडून राहिलास तर आणखी आखडशील. व्हरांड्याच्या टोकाला व्यायामाची खोली आहे, तिकडे जा.

खोलीत व्यायाम शिकवायला सायराकुल होती, त्याची कधीकाळची बायको. मुलगी आणि चहाचा सामोवार घेऊन ती निघून गेल्यापासून बाजारात समोरासमोर आले तरी दोघं तोंड फिरवत. आताही तो दारातूनच वळला.

"जा हवं तर. डॉक्टर पुन्हा इथंच पाठवतील," ती म्हणाली. "नाहीतर बूट काढ."

बूट त्याला निघेनात. ती हाताची घडी घालून बघत राहिली.

"बसून काढ. मला घाई नाही."

त्याला पाठीवर झोपवून तिनं एकेक गुडघा छातीशी घ्यायला लावला, कंबर जमिनीला दाबायला लावली, मग पाय रोवून ढुंगण उचलायला सांगितलं. शेवटी हातापायांवर ओणवं करून मांजरासारखी पाठ वर काढायला आणि हळूच सोडायला लावलं. शेजारच्या चटईवरच्या दोन म्हाताऱ्या डोक्यावरच्या रुमालाआड हसत होत्या.

"श्वास कोंडू नकोस," सायराकुल म्हणाली. "रागानं आधीच फुगलायस. कळ आली तर थांब, नुसता ताण असेल तर थांबू नकोस."

तो पुन्हा पुन्हा जात राहिला, आणि दर खेपेला एका टोमण्याची वाट बघत राहिला. मुलगी झाल्यावर पंपावरून पाण्याचे डबे वाहताना सायराकुलची कंबर अशीच गेली होती. तेव्हा आईच्या देखत तो म्हणाला होता की हिला कामाचा कंटाळा आहे, कंबर वगैरे काही नाही. ती ते उकरून काढणार, हे तो धरूनच चालला होता. उत्तरही घोटून ठेवलं होतं. ती काढीना. वर, खाली, सावकाश, एवढंच म्हणायची. त्याचं डोकं त्यानंच जास्त तापायचं.

एक दिवस त्याच्यानं राहवेना. "म्हण ना एकदाचं."

"काय म्हणू?"

"तुला माहितीये."

"इथं मी कंबर बघते. बाकीचं बघायचं होतं तेव्हा तू बघितलं नाहीस. दुसरा गुडघा घे."

तोंडात तयार असलेलं उत्तर त्यानं गिळलं आणि दुसरा गुडघा घेतला.

तिचं तोंड पुन्हा बघायला लागू नये म्हणून घरी तो सूड उगवल्यासारखा व्यायाम करू लागला. सकाळी दार लावून नमद्यावर पाठ वरखाली करायची, आईनं काही विचारलं तर खेकसायचं. घोड्यावर बसायचं सोडून तो नदीपर्यंत पायी जाऊ लागला. हळूहळू मोजे पायात जाऊ लागले. एखाद्या सकाळी कंबर अजून कुरकुरायची, पण हातपाय हलवले की सुटायची.

शरदातल्या कातरणीला तो पुन्हा उभा राहिला. आता तो पाठ ताठ ठेवून खुब्यातून वाकायचा, मेंढी अंगाशी धरायचा आणि दर मेंढीनंतर कमरेवर हात ठेवून मागं झुकायचा. लोक हसले. तो त्यांना शिव्या घालत झुकतच राहिला.

त्याच आठवड्यात काचकिन ओल्या लोकरीचा गठ्ठा उचलायला गेला आणि तिथंच बसला. त्याला गाडीत चढवताना शेरगाजी म्हणाला, "टोकाची खोली. ती सांगेल तेवढं कर, तोंड उघडू नकोस. आणि माझं नाव घेऊ नकोस."

काचकिननं जाऊन सगळ्यात आधी त्याचं नावच घेतलं. सायराकुलनं त्याला बाकीचे सगळे रुग्ण आटपेपर्यंत दाराबाहेर उभं ठेवलं आणि मग म्हणाली, "बूट काढ."