अबोल बापाची पोस्ट

माझे वडील गेली कित्येक वर्षं माझ्याशी बोललेले नाहीत, असं मी फेसबुकवर लिहिलं, तेव्हा ते माझ्या शेजारीच बसून बोलत होते. विषय भेंडीचा होता.

आमचे आप्पा बोलतात. त्यांची सगळी नोकरी भोसरीत, पत्र्याचे पार्ट ठोकून काढणाऱ्या एका प्रेसशॉपमध्ये गेली. धडधडत्या प्रेसशेजारी ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नसे. तो आवाज रिटायर होताना ते घरी घेऊन आले. चिखलीतल्या आमच्या सोसायटीत आप्पांनी कानात सांगितलेली गोष्टही खाली वॉचमनला कळते.

मी मात्र पहिल्यापासून स्वप्नाळू. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे (म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढतो आणि त्याचा पगार घेतो). सकाळी कंपनीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं की मोशीच्या पुढे मला एक वेगळेच वडील दिसायला लागत. पांढरा सदरा, खिडकीपाशी खुर्ची, बाहेर धुकं. ते काही बोलत नाहीत. मी दारात उभा, मीही बोलत नाही. मध्ये चहाचा कप निवत असतो. इतकं सुंदर दुःख आमच्या घरात कधीच नव्हतं! मला भरून यायचं. शेजारच्या सीटवरचा सहकारी विचारायचा, "काय राव, घरी सगळं ठीक ना?"

शेवटी ते सगळं लिहून काढलं आणि टाकलं. फेसबुकवर आमचा नवोदितांचा एक ग्रुप आहे. एकमेकांचं वाचायचं, कौतुक करायचं, शेअर करायचं, एवढाच नियम. आजवर माझ्या वाट्याला नुसतं 'छान' यायचं. या वेळी पाठिंब्याचा पूर आला. एका ताईंनी 'निःशब्द' असं लिहून पुढे तीन परिच्छेद लिहिले. शेअर होता होता 'काल्पनिक' हा शब्द कुठे गळाला कोण जाणे. (खरं म्हणजे तो मी लिहिलाच नव्हता.)

रविवारी सकाळी चाकणकडच्या गावाहून आत्या आली. आप्पांची धाकटी बहीण. चप्पल काढायच्या आधीच तिने मोबाइल पुढे धरला.

"दादा, पोरानं साऱ्या जगाला सांगितलंय, तू बोलत न्हाईस त्याच्यासंगं. व्हय?"

आता आप्पा तोंड उघडणार आणि लेखक म्हणून माझा निकाल लागणार. आप्पांनी पोस्ट शेवटपर्यंत वाचली. चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि पाठ फिरवून बसले.

"व्हय," ते हळूच म्हणाले. हळूच! आमच्या घरात हा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

आत्या मनसोक्त रडली, मला जवळ घेतलं, आप्पांना झापलं आणि जेवून गेली. दार लागल्याबरोबर मी विचारलं, "आप्पा, हे काय?"

"गप. लोकांनी पाठिंबा दिलाय तुला. मी बोलताना दिसलो, तर तू खोटा पडशील."

"अहो, पण..."

"पण न्हाई. पोराचं नाव होतंय, आन बापाला तोंड मिटता येत न्हाई व्हय?"

एवढं बोलून त्यांनी ते मिटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोकडून पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. भाजीवाल्याशी खुणांनी व्यवहार केला आणि भेंडीऐवजी दोडका घरी आला. आप्पा दिसतात पण ऐकू येत नाहीत, म्हणून वॉचमन तब्येत विचारायला वर आला. चहा तर ते समोर ठेवून निवू द्यायला लागले, कारण पोस्टमध्ये तसं होतं. आप्पांना गार चहा अजिबात चालत नाही. तो गार घोट ते तोंड वाकडं करून माझ्यासाठी गिळत होते, आणि मला ते बघवेना.

बसमध्ये खिडकीला डोकं टेकलं. धुकं आलं, खुर्ची आली, पण खुर्चीतले आप्पा भेंडीवर बोलत होते. कोवळी कशी ओळखायची, ते सांगत होते. मला रडूच आलं. सहकारी म्हणाला, "भाऊ, तू सुट्टी टाक."

सुट्टी टाकली नाही. घरी आल्यावर खरं लिहिलं. वडील भरपूर बोलतात, ती पोस्ट काल्पनिक होती, आणि मला त्यांचं बोलणं परत हवं आहे. ग्रुपने ताबडतोब पाठिंबा दिला. पहिल्या पोस्टला!

'सर, हे वडिलांनी दबाव टाकून लिहून घेतलेलं दिसतंय. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.'

'फोन त्यांच्या हातात आहे का? असेल तर नुसता अंगठा पाठवा.'

मी मुकाट्याने फोन आप्पांपुढे धरला. त्यांनी दोन्ही पोस्ट आणि सगळ्या कमेंट्स वाचल्या.

"च्या गरम करा आधी!" ते गरजले. खाली वॉचमनने मान वर केली असणार. "आन संज्या, दे तो फोन हिकडं. मीच सांगतो त्यास्नी."

मग एका बोटाने, एकेक अक्षर मोठ्याने म्हणत, त्यांनी टाइप केलं: 'मी याचा बाप. पोरगा चांगला हाय. फकस्त लिहितो.'

त्या एका ओळीला जेवढे लाइक आले, तेवढे माझ्या आजवरच्या सगळ्या लिखाणाला मिळून आले नसतील. ग्रुपने आप्पांना सन्मानाने सदस्य करून घेतलं. आता नियम म्हणजे नियम. नवोदिताला पाठिंबा द्यायलाच हवा. मी त्यांच्या ओळीखाली लिहिलं, 'निःशब्द.'