इंजिनावरचा नऊ

बत्तीस वर्षं मी पांढुर्ण्याच्या नगरपालिकेत घरपट्टी लावली. मालक दारात उभा राहून ‘दोनच खोल्या हायेत जी’ म्हणायचा आणि मी सरळ मागच्या अंगणात जायचो. तिथं नवी भिंत सापडायचीच. तेव्हापासून माणूस गोड बोलायला लागला की माझी नजर त्याच्या पाठीमागे जाते. आमची बायको प्रमिला म्हणते, “गजानन धोट्याले देवानं परसाद देल्ला तरी तो आधी वास घेऊन पाहीन.” घेईन. घ्यायलाच पाहिजे.

निवृत्तीनंतर रोज स्टेशनवर चक्कर मारून फलाटावरच्या बाकावर टेकायचं, हा माझा नेम. तिथंच तो माणूस माझ्या डोळ्यांत खुपला. साठी ओलांडलेला, धुवट पांढरा सदरा, गळ्यात सुतळीनं बांधलेला कॅमेरा. सलग तीन दिवस. गाडी आली की लोक डब्यांकडे धावतात, हा डब्यांकडे ढुंकूनही पाहायचा नाही. इंजिन आलं की उठायचा, बाजूनं फोटो काढायचा, वहीत नंबर लिहायचा आणि पुन्हा बसायचा. मालगाडी असो की एक्सप्रेस, त्याला सारखीच. ज्याला कुठं जायचं नाही आणि कुणाला घ्यायचंही नाही, त्याचं स्टेशनवर काम काय?

चौथ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

“कुठले तुमी?”

“रामाकोना. श्रावण सोमकुंवर.”

“अन् तिथून बस धरून इथं फोटो काढाले येता?”

“आमच्या लायनीवर गाड्या कमी जी. इथं घडीघडीले इंजिन हाय.”

उत्तर तयार होतं. तयार उत्तराचा मला फार राग येतो. मी वहीत डोकावलो. पानंच्या पानं आकडे आणि एका नंबराभोवती लाल गोल.

“हे काय?”

त्यानं वही मिटली. “आज येनार हाय तो. दोनच्या सुमाराले,” म्हणाला आणि हसला.

दोन वाजता काय येणार ते सांगायचं नाही आणि वर हसायचं! पाणी पिण्याच्या निमित्तानं मी उठलो आणि थेट रेल्वे पोलिसाला जाऊन सांगितलं. देशाचं काम केल्यासारखं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? आमच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर टाकायला पुरावा हवा, म्हणून मोबाईल काढून मी नळाजवळच्या खांबाआड उभा राहिलो.

पोलीस तरुण होता, हिंदी बोलणारा. दोनला पाच कमी असताना तो श्रावणजवळ गेला. “चाचा, कैमरा इधर दो,” म्हणत त्यानं कॅमेरा काढून घेतला आणि दंड धरला. नेमकी तेव्हाच आमला जंक्शनकडून मालगाडीची शिट्टी आली.

“साहेब, एक मिनिट!” घाईत श्रावण मराठीतच बोलत होता. “एकच फोटो काढू द्या. मंग कुठं न्याचं तिथं न्या!”

गाडी थांबणारी नव्हती. रंग उडालेलं जुनं इंजिन धडधडत समोरून गेलं, त्यामागं वाघिणींची रांग. मी भराभर बटण दाबत होतो. शेवटची वाघीण गेली तसा श्रावण फलाटावरच खाली बसला आणि रडायला लागला. मोठ्यानं. या वयाच्या माणसाला मी असं रडताना पाहिलं नव्हतं. पोलीसच घाबरला. त्यानं कॅमेरा परत दिला, पाणी आणून दिलं आणि आधी का नाही सांगितलं, असं विचारत त्याच्याशेजारी उकिडवा बसला.

मग श्रावणनं पिशवीतून जुनं ओळखपत्र काढलं. उत्तरेत हिंदी मुलखातल्या एका लोकोशेडात, इंजिनांच्या कारखान्यात, तो पेंटर होता. सत्तावीस वर्षं त्यानं ब्रशनं इंजिनांवर देवनागरी आकड्यांत नंबर रंगवले. रामाकोन्याच्या मराठी शाळेत गिरवलेला नऊ तो तिथंही काढायचा, आणि तिकडचे लोक नऊ वेगळा काढतात. फोरमन चिडायचा, पुसून पुन्हा काढायला लावायचा. किती नऊ पुसले याची गणती नाही. एक तेवढा नजरेतून सुटला आणि इंजिनासोबत देशभर फिरला.

“आता स्टिकर लावतात जी,” तो म्हणाला. “ते इंजिन मोडीत चाल्लं. शेडातल्या दोस्तानं फोन करून सांगतलं, या हप्त्यात पांढुर्ण्यावरून जाईन म्हणून. आज तं वेळबी कळवली. माया हातचं तेवढंच राह्यलं होतं.”

खांबाआडून बाहेर येऊन मी म्हणालो, “माह्या मोबाईलमंदी आलं असन. सहज काढून राहिलो होतो.” सहज! घरपट्टी चुकवणारेसुद्धा यापेक्षा बरं खोटं बोलायचे.

त्यानं चष्मा पुसला, बोटांनी फोटो मोठा केला. पोलिसानं धरलेला त्याचा दंड आणि मागं इंजिनाच्या अंगावर त्याचा नऊ, शेपटीसकट. “हाच! हाच तो!” पोलिसाला फोटोतून कापून टाकू का, असं मी विचारलं.

“नाई जी. त्याले कापता कापता नऊ कटन.”

फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेऊन तो उठला. जाताना म्हणाला, “रविवारी जेवाले या रामाकोन्याले. घरी पाटोडीचा रस्सा करतो.”

मी छाती फुगवूनच घरी आलो. एका माणसाचं भलं झालं होतं माझ्या हातून. प्रमिलाला फोटो दाखवला, नऊ दाखवला. तिनं नऊ पाहिलाच नाही.

“हा मानूस तं तुमच्याकडं पाहून राहिला,” ती म्हणाली.

मी फोटो पुन्हा मोठा केला. चार दिवस ज्याची वाट पाहिली ते इंजिन पाठीमागून चाललं होतं, आणि श्रावण मान वळवून सरळ माझ्याकडे पाहत होता. खांबाआड मोबाईल रोखून उभ्या असलेल्या माझ्याकडे. पोलीस कुणी पाठवला, हे त्याला तिथंच कळलं होतं. मला त्या खांबासकट जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

रविवारची बस नऊला आहे. प्रमिला म्हणते जाच, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका, संत्री न्या. जाणार आहे. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खरं. सगळं माहीत असताना त्यानं मला जेवायला का बोलावलं असेल, याचाच मी कालपासून विचार करतोय.