दोराचं टोक

अन्वय, मीरा, माझ्या लाडक्या नातवंडांनो, "गणित माझ्या हातातलं नाही," असं मीरा काल फोनवर म्हणाली, तेव्हापासून मला चैन नाही. आज सकाळी टांगत्या कुंड्या बांधताना ओल्या काथ्याचा वास आला आणि दहिवलीची आमची विहीर आठवली.

काकी मला पोहायला शिकवत होती. माझ्या कमरेला काथ्याचा दोर आणि त्याचं टोक पायरीवर उभ्या काकीच्या हातात. ती कधी ढील देईल या धास्तीनं मी हातपाय हलवतच नसे, नुसती ओरडत असे, "सोडू नको गं काकी!"

"म्हस बरी तुझ्यापरीस! ती कुनाला इचारते का?" म्हणत एके दिवशी तिनं ते टोक काठच्या जांभळीला बांधलं आणि मधला दोर माझ्याच मुठीत दिला. "भ्या वाटलं तर तूच वढ. मी हात लावनार नाय."

पाणी तेवढंच खोल होतं, तरी मी पाय मारले. समोरच्या पायरीला लागून मागे पाहिलं, तर दोर पाण्यावर सैल तरंगत होता. मुठीतून कधी सुटला, कळलंच नव्हतं.

तेव्हा काकीचा राग आला होता. आता वाटतं, हात बांधून नुसतं उभं राहणं तिलाच जड गेलं असेल. मीराला गणित सोडवून द्यायला माझा हात सकाळपासून सारखा फोनकडे जातोय.

विहीर बुजवून तिथे इमारत झाली. मला अजून पोहता येतं.