गोजरबाईच्या बांधावरचं गिरिपुष्प

मंठ्याजवळच्या त्या गावात गिरिपुष्प आलं ते १९८७च्या पावसाळ्यात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. दोन-दोन हात लांब फांद्यांचे भारे होते. सोबतच्या शेती खात्याच्या साहेबांनी चावडीपुढं पाऊण तास भाषण केलं: फांद्या बांधावर रोवा, पाला रानात गाडा, खताचं पोतं वाचेल. गावानं मन लावून ऐकलं, टाळ्या वाजवल्या आणि फांद्या चुलीसाठी वाटून घेतल्या. कागदावर गाव हिरवंगार झालं.

गोजरबाईनंही दोन भारे उचलले, पण ते थेट रानात नेले. तिचा नवरा पुंजाराम जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात होता. महिन्यातून एकदा यायचा आणि शेती कशी करावी ते बायकोला समजावून परत जायचा. शेती म्हणजे दोन एकर मुरमाड रान. त्यात ज्वारीसुद्धा उपकार केल्यासारखी उगवायची. गोजरबाईनं पहारीनं भोकं पाडून बांधभर फांद्या रोवल्या.

बांधापलीकडचं रान धाकट्या दिराचं, रखमाजीचं. रखमाजी मोठा विद्वान. सातवीत तीनदा बसल्यामुळं त्याचं शिक्षण इतरांच्या तिप्पट झालं होतं.

"वहिनी, याला खायच्या शेंगा येत्यात का?"

"न्हाई, भाऊजी."

"फळ?"

"तेबी न्हाई."

"मंग काय आरती करता का याची? माझ्या कपाशीवर सावली पडंल ना!"

फांद्या तेव्हा गुडघ्याएवढ्या होत्या. पण रखमाजीला लांबचं दिसायचं. गोजरबाई भावाच्या लग्नाला जाफराबादला गेली, तेवढ्यात त्यानं निम्म्या फांद्या उपटून नेल्या. परत आली तेव्हा निम्म्या बांधावर नुसती भोकं. तिला रडू आलं नाही. उरलेल्या फांद्यांच्या बुडाशी तिनं माती दाबली. पुंजाराम आल्यावर तिनं त्याला सांगितलं. "भाऊच हाये, जाऊ दे," असा निवाडा देऊन तो जेवायला बसला.

रखमाजी काटकसरी माणूस. उपटलेल्या फांद्या वाया कशा घालवायच्या? त्यानं त्या रानातल्या कडब्याच्या गंजीभोवती खुंटे म्हणून ठोकल्या. श्रावणात सगळ्या खुंट्यांना पालवी फुटली. बघायला माणसं जमली, तसा रखमाजी म्हणाला, "चांगला इचार करून लावलेत म्या."

गोजरबाईनं उरलेल्या झाडांवर जीव लावला. तिसऱ्या वर्षी माघात पानं झडली आणि फांद्या गुलाबी फुलांनी भरल्या. पावसाळ्यात ती झाडं छाटायची, कोवळा पाला मातीत गाडायची. शेळ्या ताजा पाला हुंगून तोंड फिरवायच्या. एक दिवस सुकवून टाकला की चट्टामट्टा करायच्या. सहा-सात वर्षांत मुरमाची माती मऊ झाली, तूर खांद्याला लागली. रखमाजीची झाडं मात्र कुणी न छाटल्यानं कडुलिंबाएवढी वाढली. सावलीतली कपाशी खुरटली, तरी झाडांच्या उंचीचा त्याला अभिमान होता.

१९९८ साली तालुक्याला शेतकरी मेळावा भरला. उंच झाडांचे मालक म्हणून रखमाजीला मंचावर बसवलं, शाल-नारळ दिला. समोरून एका बाईनं विचारलं, "दादा, छाटणी किती उंचीवर करायची?"

रखमाजी पाणी प्याला. "ते जमिनीवर हाये."

"आणि वर्षातून किती वेळा?"

"ते हवामानावर."

बाईनं दोन्ही उत्तरं वहीत लिहून घेतली.

दुसऱ्या दिवशी शाल घरी ठेवून तो गोजरबाईच्या ओट्यावर आला. बराच वेळ पावसापाण्याचं बोलला.

"वहिनी, तुम्ही किती उंचीवर छाटता?"

"कंबरभर बुड ठेवायचं. वर्षातून तीनदा कापायचं."

"मला तर वर चढावं लागंल."

"चढा की. दहा वर्सं वाढवलंय तुमीच."

रखमाजीनं कपातल्या चहाकडं पाहिलं. "त्या साली म्या तुमच्या फांद्या..."

"चहा प्या, भाऊजी. निवून राह्यलाय."

सकाळी तो कोयता घेऊन हजर झाला. गोजरबाई खालून फांदी दाखवायची, तो वरून तोडायचा. दुपारपर्यंत त्याची पाच झाडं छाटून झाली. पाल्याचे चार भारे तिनं न विचारता आपल्या रानाकडं काढले. रखमाजीनं त्यातला सगळ्यात जड भारा उचलून डोक्यावर घेतला आणि तिच्यामागं चालू लागला.